शुक्रवारी फुटणाऱ्या वस्तू

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास फाइट अंकलच्या हाताशी फुटण्यासारखं काही ठेवू नये, हे मस्कतमध्ये रुवीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्या वेळी ते वसईला घरी फोन लावत. आधी बायकोशी बोलत, मग आईशी, आणि शेवटी विचारत, “बाबू हाय काय?” बाबू म्हणजे त्यांचा मुलगा. तो घरातच असे, पण फोनवर येत नसे. फोन ठेवला की चहाचा कप भिंतीवर जाई. एकदा कॅल्क्युलेटर गेला, एकदा गल्ल्यावरची काच. काचेच्या वेळी तळहाताला सात टाके पडले आणि टाके घालणाऱ्या डॉक्टरलाही त्यांनी शिव्या घातल्या म्हणे.

अर्बाबचं, म्हणजे त्यांच्या ओमानी मालकाचं, व्हिडिओ कॅसेटचं दुकान ते चालवत, आणि लग्नं, बारशी, बाप्तिस्मे यांचं शूटिंग करत. त्याआधी मुंबईत हाणामारीच्या प्रसंगांत हिरोच्या जागी मार खायचं काम त्यांनी दहा वर्षं केलं होतं. नाक दोनदा मोडलेलं, एक भुवई कायमची फाटलेली. नाव तिथूनच पडलं. आम्हा पोरांना ते दुकानातच ठोसा शिकवत. मूठ गालापासून वीतभर लांबून जायची आणि तरी समोरचा कोलमडायचा. “पडद्यावर मारतो तो माणसाला हात लावत नाय,” ते सांगत. “लावला तर तो फाइटर नाय, गुंड.” हे सांगणारा माणूस नुकताच टेबलफॅनला लाथ मारून आलेला असे, त्यामुळे आम्ही हसायचो. अर्थात त्यांची पाठ वळल्यावर.

मी तेव्हा बारावीत होते. मुंबईच्या एका कॉलेजात फिल्मच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा होता आणि त्यासाठी दहा मिनिटांची फिल्म करून पाठवायची होती. बाबांनी अट घातली होती, निवड झाली तर जा, नाही तर मुकाट्याने बी.कॉम. कॅमेरा बाबांचाच, लग्नकार्यात वापरायचा. गोष्ट मी लिहिली होती. धावा, म्हणजे अरबी लाकडी जहाजं, बांधणारा एक सुतार मुलाला पट्ट्याने मारतो, आणि मुलगा एक दिवस होडी घेऊन समुद्रातून पळून जातो. मुलाच्या कामाला वर्गातला नितीन तयार होता. बापाला मात्र कोणी मिळेना. आमच्या ओळखीचे सगळे काका गणपतीत टिपेला आरती म्हणणारे, पण पट्टा हातात घेऊन दिसायची कोणाची तयारी नव्हती. शेवटी मी दुकानात जाऊन गोष्ट वाचून दाखवली.

“बाप मी करतो,” अंकल म्हणाले. मग थोड्या वेळाने, “पोरगं परत येतं काय शेवटी?”

मी नाही म्हटलं. ॲशट्रे माझ्या डोक्यावरून गेला आणि शटरवर फुटला. नंतर त्यांनी स्वतःच झाडू घेतला आणि सांगितलं की येत्या शुक्रवारी किनाऱ्यावरच्या सूर गावी जाऊ, खऱ्या धावा तिथेच आहेत.

सूरला पोचलो तेव्हा जुम्म्याची नमाज चालू होती आणि जहाजांचा कारखाना रिकामा होता. परवानगीची भानगड नको म्हणून मी कॅमेरा घेऊन एका अर्धवट बांधलेल्या धावेच्या आड बसले आणि लांबून झूम केलं. त्या हुशारीचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. कोणाला दिसू नये म्हणून मी लपले, आणि त्यामुळे हे शूटिंग आहे हेसुद्धा कोणाला दिसणार नव्हतं, हे डोक्यातच आलं नाही. अंकलचा पट्टा नितीनच्या पाठीपासून वीतभर लांब वाळूवर आपटत होता. नितीन जीव तोडून किंचाळत होता. तेवढ्यात नमाज सुटली.

आठ-दहा जण धावत आले. पांढरे पायघोळ दिशदाशा घातलेले कोळी, दोन सुतार, एक पाकिस्तानी ड्रायव्हर. त्यांना दिसलं ते एवढंच की एक दांडगा माणूस पोराला फोडून काढतोय. पहिल्याने पट्टा हिसकला, दुसऱ्याने तोंडावर मारली. अंकल गुडघ्यावर आले. मग लाथा बसल्या. नितीन “नो, नो, इट्स शूटिंग” म्हणून ओरडत होता आणि एक म्हातारा त्याला पोटाशी धरून डोळे झाकत होता. अंकलना अरबी उत्तम यायचं, बारा वर्षं ते अर्बाबशी अरबीतच भांडत आले होते. एक शब्द बोलले असते तरी लोक थांबले असते. ते बोलले नाहीत. हातही उचलला नाही. ज्याने दहा वर्षं मार चुकवायचा कसा एवढंच काम केलं, त्याने एकही फटका चुकवला नाही.

आणि मी कॅमेरा बंद केला नाही. मी रडत होते, पण बोट बटणावरून हललं नाही. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

म्हाताऱ्याची नजर कॅमेऱ्याकडे गेली तेव्हा मारामारी थांबली. मग त्या लोकांची जी धांदल उडाली, काय सांगू. कोणी पाणी आणलं, कोणी फडकं. ज्याने पहिली मारली होती त्याने आम्हाला घरी नेऊन काहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि हलवा पुढे केला आणि तो अंकलचा हात सोडेना. फुटलेल्या ओठाने अंकलनी हलवा खाल्ला. गाडीत बसल्यावर त्यांनी मला पहिलं विचारलं, “घेतलंस?”

मी मान हलवली. नितीन मागे झोपला तेव्हा म्हणाले, “सुट्टीवर घरी गेलेलो. बाबू अकरा वर्षांचा होता. रिपोर्टवर माझी सही त्याने केली म्हणून ठेवून दिली. एकच. कानाखाली. डाव्या कानाने ऐकायला येत नाय त्याला आता.” मग म्हणाले, “शेजारी दारात उभे राहून ऐकत होते. आत कोण आलं नाय. हे लोक आले बघ.”

एडिटिंग दुकानात, शटर अर्धं ओढून, दोन व्हीसीआर जोडून केलं. एकावर चालवायचं, दुसऱ्यावर रेकॉर्ड करायचं, आणि बटण क्षणभर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पट्ट्याचा आवाज वाळूत विरला होता, तर अंकल माइकसमोर बसून स्वतःच्या गालावर मारून घेऊ लागले. मी पुरे म्हणत होते आणि ते “अजून एक” म्हणत होते. गाल सुजला तेव्हा त्यांचं समाधान झालं. मार खाल्लेला भाग मी काढणार होते. मला माझा शेवट हवा होता, समुद्र आणि लांब जाणारी होडी.

“होडी काढ,” ते म्हणाले. “लोक येऊन मारतात तिथे खलास.”

मी वाद घातला, त्यांनी रिमोट फोडला, आणि शेवट त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झाला. फी म्हणून त्यांनी एक कॉपी मागितली आणि सुट्टीवर निघालेल्या एका गाववाल्याच्या हाती वसईला पाठवली. मुलाखतीत परीक्षकांनी विचारलं की गर्दीकडून इतकं खरं काम कसं करून घेतलंस. तालमी केल्या, असं मी ठोकून दिलं. प्रवेश मिळाला.

त्यानंतर अंकल शांत झाले असं लिहायला मला आवडलं असतं. मी मुंबईला गेल्यावर वर्षभराने दुकानात एका गिऱ्हाइकाने कॅसेटसाठी हटून बसलेल्या आपल्या पोराच्या मुस्काटात मारली. अंकल काउंटरवरून उडी मारून गेले आणि त्याचे दोन दात पाडले. या वेळी हात वीतभर लांबून गेला नाही. व्हिसा रद्द झाला आणि ते कायमचे घरी गेले. भेटायला जायचं मी दर सुट्टीत ठरवत होते. पाच वर्षांनी गेले ती ते वारल्यावर चर्चमधल्या महिन्याच्या मिसाला.

बाबूला मी पहिल्यांदाच पाहत होते, चांगला उंच होता. मी त्याच्या डाव्या बाजूला बसले, तर त्याच्या आईने खुणेने मला उजवीकडे बसवलं. टेप मिळाली होती का, असं मी विचारलं.

“मिळाली ना,” तो म्हणाला. “आधीचं सगळं पळवायचो आणि पप्पांना मारतात तेवढंच बघायचो. रोज. खूप बरं वाटायचं.” तो हाताच्या बोटांकडे बघत होता. “मग एक दिवस पहिला माणूस हात उचलतो तिथेच बंद केली. पुढचं बघवेना. त्या शुक्रवारी फोन मी उचलला.”

“काय म्हणाले?”

“काय नाय. मी हॅलो बोललो, परत हॅलो बोललो. मग काहीतरी फुटल्याचा आवाज आला.”

“कप असणार,” मी म्हटलं.