धुळा आणि वावधान

नुसतं "वारं" म्हटलं की धुळाला हसू यायचं. एका शब्दात लोक काय काय कोंबतात! तो उफणणीचा, वाऱ्यावर भुसकट उडवून धान्य वेगळं करणारा माणूस. चिमूटभर माती बोटांतून सोडायची, ती कुठं तिरकी होते ते बघायचं आणि उफणायला उभं राहायची तिवई कुठं मांडायची ते सांगायचं. त्यासाठी त्याला पार आष्ट्यापर्यंत बोलावणं यायचं. वावटळ म्हणजे नाचरी पोरगी, गिरकी घेऊन निघून जाणार. वावधानाची गोष्टच वेगळी. ते आधी सगळा वारा गिळून बसतं आणि मग खळ्यावर तुटून पडतं. पळत्या पोराला कुणी "वावधानागत आलं" म्हटलं, तरी धुळा खवळायचा. "आरं, बघितलंय का तुमी वावधान?"

त्रेचाळीस सालच्या फाल्गुनात, ऐन सुगीत, धुळाच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. अशा माणसाला वारा लागू द्यायचा नाही, ही रीत. बायकोनं, हरणाबाईनं, झरोक्यात चिंध्या कोंबल्या, दाराला घोंगडं लावलं. बिचारीनं जीव लावून केलं सगळं, अन् आत त्याचा जीव गुदमरायला लागला.

आठव्या दिवशी दुपारी बाहेरची सळसळ एकाएकी थांबली. कुडापलीकडच्या मेंढ्या गप्प झाल्या, चिमण्याही. धुळानं ओळखलं. खळ्यावर वर्षाची ज्वारी उघडी पडलेली, अर्धी अजून भुसकटातच. त्याचा थोरला सिद्धू वारा सुटायची वाट बघत तंबाखू मळत बसला असणार. 'रास झाक रं! घोंगडी टाक, वर दगडं ठेव!' सगळं ओठापर्यंत आलं. बाहेर पडली ती नुसती लाळ.

त्यानं डाव्या हातानं दार दाखवलं. पुन्हा दाखवलं. हरणाबाई घाबरली.

"आवं, वारं लागतंय व्हय? थांबा." तिनं घोंगड्याच्या खाली दगड ठेवून फट बुजवली. धुळानं तिचा पदर धरला, डोळे वटारले. तिनं हळूच त्याची बोटं सोडवली आणि तोंड पुसलं. त्याला रडू आलं. तेही तिनं पुसलं.

मग वावधान आलं. आढं करकरलं, पाठोपाठ पाऊस कोसळला. खळ्यावरून सिद्धूची किंकाळी ऐकून हरणाबाई धावत सुटली.

ती परतली तेव्हा केसांत भुसकट चिकटलेलं, पदरात चिखलात कालवलेली दोन ओंजळी ज्वारी. धुळापाशी बसून ती पोटभर रडली. मग त्याच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "एक बरं झालं बगा. तुमास्नी तरी वारं लागू दिलं न्हाई मी."