बंदीत होडी काढणारा तांडेल

“परवाना निलंबित कर आणि मोकळा हो,” साहेब फोनवर म्हणाले.

मालवणात मी मत्स्य खात्यात परवान्यांचं काम बघायचो. पावसाळ्यात इंजिनाच्या होड्यांना मासेमारी बंद असते. कायदा सोडा, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय इथे कुणी होडी लोटतच नाही. २००५च्या जुलैत जयवंतने लोटली. तो तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. दोन खलाशी सोबत. होडी उलटली. नशीब बलवत्तर, तिघेही पोहत किनाऱ्याला लागले.

आता तो माझ्यासमोर जबाब देत होता. डोळे लालभडक, तोंडाला खळ नाही.

“सायबानू, धा होडये घेतंय. बर्फाचो कारखानो घालतंय. दर्या माका काय करतलो?”

माणूस माजलाय, असं माझं मत झालं. त्याची बायको सुमन दाराशी उभी होती.

“प्यायलाय का?” मी विचारलं.

“थेंब नाय. आठ दिस झोपाक नाय, तरी दमना नाय. देवाक गाऱ्हाणा घातला, काय उपयोग नाय. माका भिया वाटता.”

केससाठी मागचं रेकॉर्ड लागतं. तपासणीची वही उघडली. ऐन हंगामात, जानेवारीत, माझ्याच अक्षरात शेरा. मी तो मोठ्याने वाचला: ‘होडी किनाऱ्यावर. तांडेल आळशी.’

“आळशी नाय हो,” सुमन म्हणाली. “तीन आठवडे गोधडी सोडूक नाय. ‘माका जगूचा नाय’ म्हणत होतो ह्यो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आदल्या वर्षीही तसाच शेरा. मी आळस म्हटलं, वाडीतल्या लोकांनी भुताची बाधा म्हटलं. विचारलं कुणीच नाही.

मी ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, “फोनवर आजाराचं नाव सांगणार नाही. पण हे मनोविकारतज्ज्ञाने बघायला हवं, आजच. त्याला एकटा सोडू नका.”

जयवंत कसला ऐकतोय. “माका काय झालाहा?”

मग मी अधिकार वापरला. “डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय परवाना परत नाही.”

असा नियम नव्हता. साहेबांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, “लिही तसंच. खलाशांच्या जिवाचा प्रश्न आहे.”

संध्याकाळी तो बायको आणि भावाबरोबर गेला. तज्ज्ञांनी विचारलं, हे कधीपासून, किती दिवस टिकतं? सुमनला तारखा आठवेनात. त्या माझ्या वहीत होत्या. फोनवरून वाचून दाखवल्या. रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं, पुन्हा दोनदा बोलावलं, आणि मग निदान केलं: बायपोलर. डॉक्टरांनी समजावलं, मनाला कधी भरती, कधी ओहोटी. औषधं सोडायची नाहीत.

“भरतीची येळ तरी म्हायत असता,” सुमन म्हणाली.

पुढल्या वर्षी दाखला आला, परवाना दिला. नारळ पडल्यावर बंदरात तपासणीला गेलो. मी प्रश्न विचारत होतो आणि जयवंत माझ्या तोंडावर भलीमोठी जांभई देत होता.

“जेवल्यार झोप येता, सायबानू,” तो ओशाळून म्हणाला.

एरवी मी झापलं असतं. त्या दिवशी जिवात जीव आला. वहीत लिहिलं, ‘होडी ठीक.’ तांडेलाबद्दल शेरा मारायचा नाही, हे मी शिकलो होतो. फक्त तारीख घातली.