चंदीचे मासे आणि माझे चारित्र्य

मांजर पाळण्याचे तोटे मला कुणी सांगितले नव्हते असे नाही. सगळ्यांनी सांगितले होते, आणि सगळ्यांनी चुकीचे सांगितले होते.

पडदे फाटतील, म्हणाले. फाटले. सोफ्याच्या कडांना सुतांच्या झिरमिळ्या लोंबतील, म्हणाले. लोंबल्या. पहाटे पाचला छातीवर चार मऊ पावलांचा भार येऊन बसेल आणि डोळे उघडेपर्यंत हलणार नाही, म्हणाले. तो रोज येऊन बसला. जांभळ्या रेशमी साडीवर पांढरे केस, नुकत्याच लिहिलेल्या ओळींवर ओल्या पंजांचे ठसे, हे सारे मी विरहिणीने पौर्णिमा सोसावी तसे सोसले. पण मांजरीपायी माणसाचे चारित्र्य जाते, हे मात्र मला एकानेही सांगितले नाही!

तिला घरी आणले त्या संध्याकाळी वडाळे तलावावरचा मावळता उजेड आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आला होता, आणि तिच्या पांढऱ्या पाठीवर तो असा उतरला की मी तिथल्या तिथे तिचे नाव ‘चंद्रिका’ ठेवले. यजमानांनी दुसऱ्याच दिवशी त्याचे ‘चंदी’ केले. (कवितेचे संसारातले आयुष्य साधारण एवढेच असते.)

चंदी दोन महिन्यांची असताना प्राण्यांच्या डॉक्टरांनी तिच्या फासळ्या चाचपल्या आणि विचारले, “मासे देता ना?”

आमच्या घरात सात पिढ्यांत मासा शिरलेला नाही. (सहाव्या पिढीबद्दल यजमानांना थोडी शंका आहे, पण ते असो.) मासा दारातून आत आणण्याचे धैर्य मला होईना, म्हणून मी तो गॅलरीतून आणला. करंजा बंदराहून माशांची टोपली घेऊन येणारी हिराबाई दर गुरुवारी दुपारी आमच्या इमारतीखालून हाक देत जाई. मी दोरीला कापडी पिशवी बांधून खाली सोडू लागले. ती मांदेली घाली, मी पिशवी वर ओढी, आणि गॅलरीतच एका वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात, नाकाला पदर बांधून ते प्रकरण उकडी. शेजारी केवड्याची उदबत्ती लावलेली असे. केवडा आणि मांदेली यांच्या मिश्र गंधाला मराठीत शब्द नाही, आणि तो नसावा अशीच माझी प्रार्थना आहे.

हिराबाईने मला शिकवले मात्र मनापासून. “बाय, असं लांबून नको बघू. कल्लं उचल. लाल हाय ना? मंग ताजा हाय. आन नाक नको मुरडू, माशाला राग येतो!”

वर्षभरात मला कल्ल्यांच्या लालीतल्या छटा कळू लागल्या. गुलबाशी लाल ताजा, विटकरी लाल सकाळचा, आणि तपकिरीकडे झुकलेला असेल तर मी वरूनच म्हणे, “हिराबाई, हे आजचे नाहीत हं.” हिराबाई कौतुकाने मान हलवी. एका शाकाहारी कवयित्रीच्या आयुष्यातले हे सर्वांत निर्विवाद यश होते.

अडचण एवढीच, की दुसऱ्या मजल्यावर चढणारी पिशवी पहिल्या मजल्यावरून जाते. तिथे प्रधानकाकू केस वाळवत बसलेल्या असतात, आणि प्रधानकाकूंचे नाक माशांच्या बाबतीत पदवीधर आहे.

“आज मांदेली वाटतं?”

“हो. म्हणजे, मांजरीसाठी.”

“हो हो, मांजरीसाठीच!” काकूंनी एक डोळा किंचित मिटला. “मांजरीला म्हणावं, तांदळाच्या पिठात घोळवून तळ. काय कुरकुरीत होतात!”

मी हसून पिशवी ओढून घेतली. त्या हसण्याचा अर्थ खाली काय लागला असेल, याचा विचार तेव्हा केला नाही.

असे सुखाचे दिवस चालले असताना माझ्या सासूबाईंचा साताऱ्याहून फोन आला. मामंजी गेल्यापासून त्या तिथे एकट्या राहत. वय एकोणऐंशी. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पडल्या, तेही आम्हांला पंधरा दिवसांनी कळले. त्यानंतर अवेळी फोन वाजला की यजमानांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरे. आम्ही दोघे तीन वर्षे विनवीत होतो. त्या दाद देत नव्हत्या. आणि आता त्या आपणहून म्हणाल्या, “आठ दिवस येऊन बघते. पटलं तर राहीन. नाही तर सातारचं घर आहेच.”

सासूबाईंचे सोवळे असे, की त्यांच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा परवानगी काढून येतो. मी शेगडी, पातेले, दोरी, पिशवी हे सारे पुरावे माळ्यावर टाकले, गॅलरी तीनदा धुतली आणि हिराबाईला फोन केला. “आठ दिवस येऊ नका.” कारण सांगायचे राहून गेले.

चंदीसाठी दुकानातले कोरडे दाणे आणले. तिने त्यांच्याकडे असे पाहिले, की मलाच खाली बघावे लागले. मग ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून लांबलचक, आर्त स्वरात रडू लागली. सासूबाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, “उपाशी ठेवतेस का गं हिला? थोडा तूपभात घाल की.”

“नको हं आई. डॉक्टरांनी भात सक्त मना केलाय.”

“मांजराला डॉक्टर!” त्या एवढेच म्हणाल्या. पण तिसऱ्या दिवसापासून चंदीचे रडणे थांबले. तिने परिस्थितीशी जुळवून घेतले, असे मला वाटले, आणि मी तिच्या समजूतदारपणावर चार ओळीही लिहिल्या.

पाचव्या दिवशी दारावरची घंटा वाजली. दार सासूबाईंनी उघडले. दारात टोपली, टोपलीवर ओले फडके, आणि त्याखालून अख्खा अरबी समुद्र आमच्या दिवाणखान्यात शिरला.

“बाय हाय का घरान?” हिराबाई विचारत होती. “आठ दिस येव नको बोलली, मना वाटलं आजारी परली. म्हनून मुडदुशा आनल्यात. हलक्या असतात, आजारी मानसाला चांगल्या.”

“कुणासाठी?” सासूबाईंचा आवाज फार शांत होता.

“तुमचे सुनंसाठी! माजी दर गुरवारची गिऱ्हाईक हाय ती. कल्लं बघून घेते. तिला फसवनं कोनाला जमायचं नाय!”

मी आतून धावत आले. “आई, मांजरीसाठी! ते मांजरीसाठी असतं!”

हिराबाईने माझा चेहरा पाहिला, सासूबाईंचा पाहिला, आणि क्षणात ती माझ्या बाजूने उभी राहिली. “हां, हां! मांजरीसाठीच! बाय सोता नाय खात. देवाशपथ नाय खात. कधीच नाय खाल्लं तिनं!” आणि जाता जाता तिने माझा दंड असा दाबला, की न केलेल्या गुन्ह्याची मला स्वतःलाच खात्री वाटू लागली.

सासूबाई खुर्चीत बसल्या. पदर नाकाशी नेला. “ठीक आहे. मांजरीसाठी ना? मग घाल तिला. माझ्यासमोर.”

यजमानांना त्याच क्षणी दुधाची पिशवी आणायची आठवण झाली. ते गेले. उघड्या दारातून, वासाचा धागा धरून, प्रधानकाकू आल्या.

मी माळ्यावरून पातेले काढले. (ते इतक्या सराईतपणे काढले, की सासूबाईंची नजर पातेल्यावरून माझ्या हातांवर आली.) मुडदुशा उकडल्या, निवत ठेवल्या, काटे निवडले. वर्षभर या क्षणी चंदी माझ्या पायांत घोटाळून मला पाडायच्या बेतात असे. आज तिला हाका मारून आणावे लागले.

ती आली. बशीपाशी थांबली. गुलाबी नाक पुढे केले, वास घेतला, आणि मग, मी खोटे सांगत नाही, उजव्या पंजाने तिने फरशी खरवडायला सुरुवात केली. इकडून खरवडली, तिकडून खरवडली. समोरचा पदार्थ तत्काळ जमिनीत पुरून टाकावा, अशा योग्यतेचा आहे, हे तिने चौघींच्या साक्षीने (मी, सासूबाई, काकू आणि ती स्वतः) स्पष्ट केले. मग शेपूट उभारून ती सासूबाईंकडे गेली आणि त्यांच्या पावलांवर अंग टाकून घुरघुरू लागली.



“अगं, खा ना गं!” मी बशी घेऊन गुडघ्यांवर रांगत तिच्यामागे गेले. “तुझं आवडतं आहे! बघ, कसं ताजं आहे, कल्ले बघ...”

“सुमेधा,” सासूबाई म्हणाल्या, “पुरे.”

“टाकू नका हं,” प्रधानकाकू हळूच म्हणाल्या, “मी नेते.” आणि नेल्या.

सासूबाई उठून आपल्या खोलीत गेल्या. जरा वेळाने बॅगेची चेन सरकल्याचा आवाज आला. तीन वर्षांच्या विनवण्या एका बशीभर मुडदुशांत बुडाल्या होत्या. दूध घेऊन परतलेले यजमान दारात उभे होते. “आई चालली?” त्यांनी विचारले. एवढा मोठा माणूस, पण आवाज शाळा सुटल्यावर फाटकाशी राहून गेलेल्या मुलासारखा.

मी खोलीत गेले. बॅग उघडी होती. सासूबाई एकेक लुगडे काढून कपाटात ठेवत होत्या.

“बस इथे,” त्या म्हणाल्या. “खरं सांगू? मी परत जायचं ठरवलं होतं. तुझं सगळं इतकं नेटकं, इतकं जागच्या जागी. म्हटलं, इथे माझं काय काम? पण आता माझा पाय निघायचा नाही. माणूस चुकतो गं. जिभेपुढे भलेभले हरतात. पण मुक्या जिवावर घालायचं? तुझ्याजवळ कुणीतरी मोठं माणूस हवं.”

मी तोंड उघडले. तेवढ्यात चंदी आत आली आणि सराईतपणे पलंगाखाली गेली. सासूबाईंनी वाकून तिथून चांदीची वाटी पुढे सरकवली. साजूक तुपाचा खरपूस वास दरवळला.

“ही बघ बिचारी. तू ओरडशील म्हणून गुपचूप घालते. पहाटेपासून तिसरी वाटी आहे ही. तूपभात खाणारं मांजर हे! आणि तू तिला मासेखाऊ ठरवतेस!”

माझ्या निर्दोषत्वाचा संपूर्ण पुरावा त्या वाटीत होता. तुडुंब भरल्या पोटी मासा कोण खाणार? एक वाक्य पुरे होते. पण कपाटात पाच लुगडी घड्या जुळवून बसली होती, सहावे सासूबाईंच्या हातात होते, आणि त्यांच्या खांद्यावरून यजमान माझ्याकडे बघत होते.

“चुकलं, आई,” मी म्हणाले.

सहावे लुगडे कपाटात गेले.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला देवासमोर उभे केले. तळहातावर पळीभर पाणी घातले; ते गार होते आणि त्याला तुळशीचा वास होता. “म्हण, आजपासून मासे सोडले.” मी म्हटले. पाणी ताम्हनात सोडले. यजमान मागे उभे राहून खोकत होते. (तो खोकला नव्हता, हे मी त्यांना नंतर सुनावले.)

बातमी खाली पोचायला पिशवीइतकाही वेळ लागला नाही. “काय हो तुमचा निग्रह!” प्रधानकाकूंनी माझे हात हातांत घेतले. “मला नाही जमलं. दोनदा सोडले, दोनदा धरले.” हिराबाईचे तर डोळे भरून आले. “सोडलंस, बाय? आता कल्लं कोनाला दाखवू?”

सासूबाई राहिल्या, त्यालाही आता वर्ष होईल. चंदी तूपभातावर उशीएवढी झाली आहे, आणि डॉक्टर मलाच बोलतात. आयुष्यात एकही मासा न चाखता मासे सोडलेली बाई अख्ख्या पनवेलमध्ये माझ्याखेरीज दुसरी नसावी. तरीही गुरुवारी दुपारी खालून ती हाक आली, की माझे पाय आपोआप गॅलरीकडे वळतात आणि हात दोरी शोधू लागतात. मग आतून जपमाळेचा आवाज थांबतो आणि सासूबाई मायेने म्हणतात,

“जड जातं गं सुरुवातीला. सुटेल हळूहळू.”