शहाजादीचं ठाण

माणसाला अरे-तुरे आणि घोड्याला अहो-जाहो, असा सरकारांचा उलटा कारभार होता. तबेल्यात कुणी पुढारी येवो नाहीतर अडत्या, त्याला "कोन रे तू?" असंच विचारलं जायचं. घोडीपुढे बादली ठेवताना मात्र तोच आवाज मऊ व्हायचा, "लेव सरकार, पानी पिव." तिथल्या प्रत्येक जनावराला ते सरकार म्हणायचे, म्हणून लोकांनी त्यांनाच सरकार करून टाकलं. खरं नाव मला त्यांच्या सुनेकडून कळलं, तेही ओळख चांगली जुनी झाल्यावर.

परभणीत रेल्वे फाटकापलीकडे, जुन्या वखारीच्या मागे त्यांचा तबेला होता. तरुणपणी ते स्टेशनवर टांगा चालवायचे. रिक्षा आल्या, टांगा बसला, मग त्यांनी लोकांच्या घोड्या सांभाळायला घेतल्या. बहुतेक वरातीच्या असायच्या. माझी पाखरी तिथे आली ती वेगळ्या कारणाने. माझे वडील, दादा, जिंतूरकडचे, जन्मभर मेंढरांमागे फिरलेले. पाखरीच्या पाठीवर आमचं सगळं बिऱ्हाड चालायचं. भांडी, वाकळा आणि चालायला न येणारी कोकरं. गुडघे गेले तेव्हा दादांनी मेंढरं विकली, पण घोडी विकवेना. मी परभणीत शाळेवर शिक्षिका. "तुज्यापशी ने," म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात घोडी कुठे नेणार? म्हणून सरकार.

नवी घोडी आली की सरकार तिला लगेच बांधत नसत. आधी पाणी पाजायचे, मग दोरी सैल सोडून तबेलाभर फिरवायचे आणि शेवटी निंबाच्या बाजूच्या एका रिकाम्या ठाणाशी उभं करायचे. ते ठाण स्वच्छ झाडलेलं, गव्हाण सारवलेली, आणि बांधलेलं काहीच नाही. "शाजादी, पाव्हनी आली बरं का," असं त्या मोकळ्या जागेला सांगून झाल्यावरच पाखरीलाही शेजारी जागा मिळाली. मी वर्गात विज्ञान शिकवते. पण त्या दिवशी पाखरीने कान टवकारून त्या कोपऱ्याकडे पाहिलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे कबूलच करते.

शहाजादी ही त्यांची टांग्याची घोडी. टांगा बंद झाल्यावरही त्यांनी तिला सांभाळलं आणि म्हातारी होऊन ती त्याच ठाणात मेली. तेव्हापासून रोज सगळ्यांना वैरण-हरभरे घालून झाले की एक मूठ तिच्या गव्हाणीत पडायची. चिमण्या आणि खारी टपूनच असायच्या. मी एकदा चिडवलं, "सरकार, शहाजादी चिवचिवायला लागली की हो." ते अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, "खाऊ दे की. तिनं तरी कवा एकटीनं खाल्लं?"

घोड्यांशी ते दखनीत बोलायचे आणि माणसांशी मराठीत. घोड्याला मराठी कळत नाही का, असं विचारलं तर म्हणाले, "कळतंय. पर उस्तादानं जनावर हातात दिलं ते ह्याच बोलीत दिलं. मी कामून बदलू?" खरारा करताना त्यांची ती बोली सारखी चालू असायची, "नक्को सरकार, कायको बिगडते?" पाखरी डोळे मिटून ऐकायची. मेंढरांच्या वाटेवर शिव्या खात वाढलेली घोडी ती, हे लाड तिला नवे होते. चार महिन्यांत तिच्या अंगावर लकाकी आली आणि मी निर्धास्त झाले.

पुढे दोन वर्षांनी पाखरी वाळायला लागली. डॉक्टरांनी दात तपासले, जंतांचं औषध दिलं आणि विचारलं, "खायला पोटभर मिळतंय ना?" मला तो प्रश्नच उद्धट वाटला. सरकारांच्या दारात जनावर उपाशी? त्याच सुमारास जिंतूर रोडला एका व्यापाऱ्याने नवा तबेला बांधला. पत्र्याचं उंच शेड, पंखे, कॅमेरे. वरातीच्या घोड्या एकेक करून तिकडे गेल्या. मीही जाऊन पाहून आले. नाव ठेवायला जागा नव्हती, पण हो म्हणायला माझी जीभ काही रेटेना. सरकारांकडे आता पाखरी तेवढी उरली होती. ती नेली तर त्या माणसाने सकाळी उठून करायचं काय? दादांना फोन केला. ते म्हणाले, "घोडी वाळायली तर हलवावं लागंल. पर त्या म्हाताऱ्याला इचारल्याबिगर दोरी सोडू नको."

विचारायला म्हणून रविवारी सकाळी गेले. सरकारांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. भिजवलेल्या हरभऱ्यांची बादली त्यांनी उचलली, शहाजादीच्या ठाणात गेले आणि सगळी गव्हाणीत रिकामी केली. मग तिथेच उभं राहून हवेत, बरोबर घोडीच्या मानेच्या उंचीवर, हात फिरवत राहिले. "आराम से, सरकार." तिचं खाणं होईपर्यंत थांबावं तसे थांबले. येताना बादलीच्या बुडाला चिकटून राहिलेले मूठभर हरभरे पाखरीपुढे टाकले. मेलेलीची मूठ जितीला आणि जितीची बादली मेलेलीला, अशी ती अदलाबदल कधी झाली कोण जाणे. पाखरी मान लांब करून शेजारच्या भरल्या गव्हाणीकडे बघत होती. दोरी तिथवर पुरत नव्हती.

सून, शोभा, दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाई, त्यांची पाठ फिरली की मी उचलून तुमच्या घोडीला घालते. पर ते तिथून हलतच न्हाईत. काल धरलं मला. म्हनले, शाजादीच्या तोंडचं काढायलीस व्हय गं? असं कवा बोलले न्हाईत मला."

मी काही समजावलं नाही. सरकारांचा हात धरला आणि पाखरीच्या बरगड्यांवर ठेवला. ते बोटांनी चाचपत गेले. सगळं आयुष्य घोड्यांच्या अंगावर फिरलेला हात तो; डोळ्यांनी चुकवलेलं त्याला लगेच कळलं. मग शेजारची भरलेली गव्हाण पाहिली आणि मटकन खाली बसले.

"बाई, घिऊन जा हिला," ते म्हणाले. "कोन जित्तं हाय आन् कोन न्हाई, ह्ये मला कळंना गेलंय. असल्या मान्सापशी जनावर ठिऊ नये."

मला रडू आवरेना. रोज मी येते, खायला मी घालते, इथेच राहू दे, असं काहीबाही बोलत राहिले. शाळा सांभाळून ते जमणार नाही हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. "उगं लाड करू नको," म्हणाले. त्यांनीच पाखरीला पाणी पाजलं, दोरी सोडली आणि रस्त्यापर्यंत घेऊन आले. दोरी माझ्या हातात दिली, पण तिला निरोपाचं काही बोलले नाहीत.

जिंतूर रोडला पाखरी महिन्या-दीड महिन्यात भरली. दादा येऊन बघून गेले, खूश झाले. मलाही आनंद व्हायला हवा होता. पण तिथला माणूस शेजारच्या मोकळ्या खणात लीद लोटायला लागला की माझा जीव दचकायचा, त्याला थांबवावंसं वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीत फराळ घेऊन सरकारांकडे गेले. तबेल्यात एकही जनावर नव्हतं आणि सगळ्या गव्हाणींत कडबा होता. ते पाखरीच्या ठाणात उभे होते, खरारा हातात घेऊन, हवेत लांबलचक हात मारत. माझ्याकडे बघून म्हणाले, "कोन गं तू?"

मी नाव सांगितलं. ते चेहऱ्यावर पोचलंच नाही.

"ही कुणाची घोडी, सरकार?" मी विचारलं.

"ही व्हय? शाळंच्या बाईची. लय गुनाची हाय." आवाज एकदम खाली आणला. "बाईच्या मनात हिला दुसरीकडं न्यायचं हाय. मला म्हनली न्हाई, पर मला कळतंय. तुजी भेट झाली तर सांग तिला, नेऊ नको म्हनावं. मी हाय की."

"सांगते," मी म्हणाले.

त्यांची मान हलली. समोरची दोरी धरल्यासारखा हात करून त्यांनी घोडीला वळवायला घेतलं, आणि तिला जागा व्हावी म्हणून मी दोन पावलं मागे सरले.