बटण दाबणारे गैबीसाब

गैबीसाब आमच्या ऑफिसात बटण दाबायला होते. चेष्टा नाही, खरंच तेवढंच काम. सोलापुरातल्या यंत्रमागावर तीस वर्षं चादरी विणल्या, कारखाना बंद पडला आणि छप्पन्नाव्या वर्षी ते आमच्याकडे लागले. घरात दुसरी कमाई नव्हती. ही खुर्ची गेली तर या वयात दुसरी कुणी देणार नाही, हे ते स्वतःच सांगायचे.

आम्ही शाळांची जुनी रजिस्टरं स्कॅन करून संगणकाकडून वाचून घ्यायचो. एकेक काम सहा-सात तास चाले, तेही कुठल्यातरी दूरच्या, भाड्याच्या सर्व्हरवर. त्याची खोड अशी, की वीस मिनिटं आमची वेबसाइट कुणी उघडली नाही तर तो झोपी जायचा आणि चालू काम मरायचं. उठवला की पुन्हा पहिल्या पानापासून. हे नीट करायचं माझं काम होतं. मी ते दोन वर्षं टाळलं आणि दर पंधरा मिनिटांनी वेबसाइट पुन्हा उघडायचं बटण दाबायला माणूस बसवला.

शुक्रवारी ते नमाजला जात, तेव्हा बटण माझ्याकडे. एकदा मी फोनवर बोलत बसलो आणि विसरलो. पाच तासांचं काम पाण्यात गेलं. ते परत आले तर मी त्यांच्यावरच डाफरलो. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

ते रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब, मागावर धागा तुटला तर आमी चादर पयल्यापासून विनत न्हवतो की. तुटला तितंच गाठ मारायची, फुडं चालायचं."

आठवडाभर बसून मी तसंच केलं. पान वाचून झालं की खूण ठेवायची, थांबलं तर त्या खुणेपासून पुढे. कामही न झोपणाऱ्या सर्व्हरवर नेलं. पडला तरी आपला आपण उठणारा. गैबीसाबांनी मला तो मुद्दाम मध्येच बंद करायला लावला. चालू होताच काम बाराशे चाळिसाव्या पानावरून पुढे निघालं. ते खूश होऊन हसले. सवयीनं हात बटणाकडे गेला आणि तिथंच थांबला.

"मंग मी कशाला बसू?"

मी मालकांशी बोललो, दोनदा बोललो. ते म्हणाले, नुसतं बसवून कसं ठेवायचं? महिनाअखेरीस गैबीसाबांची नोकरी सुटली. मला मान वर करवत नव्हती. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तुमी हे आदीच केलं असतं, तर मला ही दोन वर्सं मिळाली नसती, साहेब."

टोमणा असता तर सोसला असता. पण ते खरंच आभार मानत होते.