आधी रक्त, मग गोळी

हसायचं तर खुशाल हसा, पण माझ्याएवढा शहाणा अख्ख्या सीपरी बाजारात सापडायचा नाही! आठवीत शाळा सोडलेला मी, आणि ताईच्या औषधांचा कारभार माझ्या हातात. या हिंदी मुलुखात घरात आम्ही दोघंच, करणार काय?

ताईचं लिव्हर बदललं होतं. शरीराने ते परकं समजून हाकलू नये, म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळ्या. किती द्यायच्या, ते रक्त तपासून डॉक्टर फोनवर ठरवायचे. तसंच ऑपरेशन झालेल्या मोठ गावच्या एका भैयाला तीन, ताईला दोनच. मला राग यायचा.

"तुलाच कमी का गं?"

"अरे, पंगत आहे का ही, आग्रह करकरून वाढायला?"

तपासणीच्या दिवशी मला तिची दया आली. सुई टोचणार, अंगात ताकद नको? लॅबवाला यायच्या आधीच गोळ्या दिल्या!

रक्तात औषध जास्त निघालं. डॉक्टर म्हणाले, "दो की जगह एक कर दो."

गोळी निम्मी, म्हणजे दुखणंही निम्मं! मी गल्लीभर पेढे वाटले. शेजारच्या चाचीने तर ताईची दृष्ट काढली.

पुढच्या खेपेला लॅबवाला लवकर आला, सकाळची गोळी द्यायची राहिली होती. आता औषध फारच कमी निघालं, आणि लिव्हरला सूज. डॉक्टरांचा आवाजच बदलला.

"पिछली जाँच के दिन गोली कब दी थी?"

"सुई से पहले, डॉक्टर साहब. ताकत के लिए."

डॉक्टर फोनवरच ओरडले.

"भैया, वो ताकत की गोली नहीं है! पहले खून, फिर गोली. तभी तो पता चलेगा, रात की दवा सुबह तक कितनी बची."

मी कान धरले. ताई मात्र हसत सुटली. "माझ्या लिव्हरच्या जिवावर पेढे खाल्लेस, मेल्या!"

पुन्हा दोन गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरली. मी भिंतीवर कोळशाने लिहिलं, 'आधी रक्त, मग गोळी.' ताईने खाली जोडलं, 'पेढे सगळ्यात शेवटी.'

महिन्यापूर्वी ताई न्यूमोनियाने गेली. माझ्या त्या चुकीमुळे नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. मी तिसऱ्यांदाही विचारलं.

परवा मलाच ताप भरला. तोच लॅबवाला घरी आला. मी ऐटीत दंड पुढे केला, भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "पहले खून, फिर गोली. देखो, मैंने अभी तक दी नहीं है!"

सुई हातात धरून तो थांबला.

"किसको, भैया?"