त्या हयात आहेत का?

करडी गावाला सून होऊन आले तेव्हा मला भाताची रोवणी येत नव्हती. माझं माहेर सोलापूरकडं, ज्वारीच्या रानातलं. पोटऱ्या चिखलात बुडवून भाताचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावतात, हे मी इथं आल्यावर पाहिलं. सातवीतच शाळा सुटलेली, दुसरं काही येत नव्हतं. रोवणीच्या टोळीतल्या बायांनीच हात धरून शिकवलं, आपल्या लोट्यानं पाणी पाजलं. इतक्या लांब मला त्याच माणसं.

मग मांडीत गाठ आली. नागपूरच्या दवाखान्यात ती काढली, मशीनचे शेक दिले, पाय वाचवला. त्या डॉक्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. पण टोळीत मी सांगितलं, साधी चरबीची गाठ होती. कॅन्सर म्हटलं असतं तर तो लोटा माझ्यापर्यंत आला नसता, ही धास्ती.

पुढं दवाखान्यातून फोन यायला लागले. मी उचलेना. वाटायचं, तपासणीत परत काही निघालं असणार. उचललाच नाही तर बातमी तिकडंच राहील. शेवटी फोनचं कार्डच बदललं.

यंदा रोवणी चालू असताना एक बाई बांधीच्या धुऱ्यावर, भातखाचराच्या बांधावर, येऊन उभी राहिली. माझं नाव घेऊन तिनं विचारलं, "त्या हयात आहेत का?"

टोळीतली म्हातारी, जिला सगळ्या मोठीमाय म्हणतात, कंबर सरळ करत म्हणाली, "हयात? थे का, पऱ्हे लावून राहिली. मेली असती त माह्या पुढं कशी गेली असती वो?"

सगळ्या हसल्या. मी चिखल निथळत धुऱ्यावर गेले.

बाई हळू बोलली. "ताई, मी नागपूरच्या दवाखान्यातून आले. तुमचा हा आजार फार थोड्यांना होतो. देशभरातले सगळे पेशंट एका नोंदीत एकत्र केले तरच काही कळतं, कोणाला होतो, उपचारानंतर माणूस किती जगतो. तुमचा फोन लागेना, म्हणून कागदावरचं गाव शोधत आले. गेल्या असं लिहिता येत नाही, आहात असंही नाही."

मान वर करवेना. ज्यांनी पाय राखला, त्यांना मी जिवंत आहे एवढंही कळू दिलं नव्हतं.

"कायचा आजार वो?" मोठीमाय मागं येऊन उभी होती. बाई माझ्याकडं बघत राहिली, सांगायचं की नाही ते माझ्यावर सोडून.

"कॅन्सर," मी म्हटलं.

"अन् आमाले चरबी सांगतली? काहून?"

मी लोट्याकडं पाहिलं. तिला कळलं. "बयाड झाली का तू?" म्हणत तिनं लोटा भरून माझ्या हातात दिला. मी प्यायले, तो तसाच घेऊन उरलेलं ती प्यायली.

दुसऱ्या दिवशी एकीनं घरून स्वतःची बाटली आणली. तिच्याकडं बघायची मला लाज वाटते, तिलाही वाटत असावी. बाकीच्यांत लोटा फिरतो.

त्या बाईला नवा नंबर दिलाय. परवा फोन वाजला तेव्हा हात चिखलाचे होते. पदराला हात पुसून उचलला.

"आहे, मी आहे," म्हटलं. "बोला."